पावसाळ्यातलं लॉन आणि राइड-ऑन मोअर: कोणता घ्यावा?

भरडावरचं_घर
२६ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. पेडणे तालुक्यात कोरगावच्या बाजूला आमचं घर आहे. जागा साडेसहा हजार चौरस मीटर, त्यातलं ४,२०० चौरस मीटर निव्वळ गवत. आजोबांच्या वेळी या भरडावर, म्हणजे पावसाच्या पाण्यावरच्या वरकस जमिनीवर, नाचणी आणि कुळीथ व्हायचं, मग ते पडीक राहिलं. बाबांनी निवृत्त झाल्यावर दहा वर्षं खपून त्याचं लॉन केलं. दगड वेचण्यापासून सगळं स्वतः. मध्ये सव्वीस माड, चार आंबे, एक फणस. गवत मिश्र आहे, हरळी आणि रुंद पानांचं कार्पेट. उत्तरेकडे जमीन ओढ्याच्या दिशेने उतरते.

बाबा आता ७१ वर्षांचे. जानेवारीत त्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, गुडघा बदलला. आजवर ते मागून ढकलायचं २१ इंची मशीन वापरायचे आणि कडेचं गवत मारायला ग्रास कटरवाला मुलगा यायचा. गेल्या जुलैत तो तीन आठवडे आलाच नाही. गवत मांडीपर्यंत वाढलं, त्यात विहिरीजवळ घोणस निघाली. आईने आठ दिवस तिकडे जाणं बंद केलं होतं.

डॉक्टर म्हणतात, चालायला हरकत नाही, पण मशीन ढकलणं बंद. बाबांना तर लॉन दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. म्हणून बसून चालवायचं मशीन घ्यायचं ठरवतोय. दोन कोटेशन आली आहेत. एक ४२ इंची लॉन ट्रॅक्टर, मागे गवताचा डबा असलेला. दुसरा ४२ इंची झिरो-टर्न, म्हणजे स्टीअरिंगऐवजी दोन दांड्यांनी जागच्या जागी फिरणारा. विक्रेत्याचा आग्रह झिरो-टर्नसाठी आहे, माडांभोवती पटकन वळतो म्हणून. बजेट जास्तीत जास्त चार लाख. ज्यांनी गोव्यात किंवा कोकणात प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी कृपया लिहा. इंटरनेटवरचे सगळे व्हिडिओ कोरड्या, सपाट जमिनीवरचे आहेत.

हळदोणकर
२६ मार्च, रात्री १०:५५

ताई, माझ्याकडे ४२ इंची लॉन ट्रॅक्टर आहे. चार पावसाळे झाले. जागा तीन हजार चौरस मीटर, बहुतेक सपाट.

मशीन जुलै महिना डोळ्यांसमोर ठेवून घ्या. आपल्याकडे डिसेंबर ते मे गवत वाढतच नाही म्हटलं तरी चालेल, तेव्हा कुठलंही मशीन चालतं. खरी परीक्षा मिरग (मृग नक्षत्र) लागल्यापासून चवथीपर्यंत (गणेश चतुर्थी). या काळात आठवड्याला एकदा कापलं नाही तर गवत हाताबाहेर जातं, आणि त्या आठवड्यात धड कोरडी अशी एकच दुपार मिळते.

पहिल्या वर्षी मी मागचा डबा लावून कापायचो. ओलं कार्पेट गवत डेकमधून (पाती ज्याखाली फिरतात ते पत्र्याचं झाकण) डब्याकडे जाणाऱ्या नळीत असं बसायचं की दर दहा मिनिटांनी इंजिन बंद करून उतरायचं, मागचा भाग उघडायचा आणि काठीने हिरवा लगदा खरवडून काढायचा. तो लगदा हाताला गरम लागतो. आता जून ते सप्टेंबर डबा काढून ठेवतो आणि गवत सरळ बाहेर टाकू देतो. दुसऱ्या दिवशी दाताळ्याने ओढून माडांच्या आळ्यात घालतो, माडांनाही ते मानवतं. डबा लावतो ऑक्टोबरनंतर.

तेव्हा विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारा: डबा काढून मशीन चालतं का, आणि तेव्हा गवत कुठून बाहेर पडतं?

डॅलसवासी
२७ मार्च, पहाटे ४:१०

मी मूळचा म्हापशाचा, गेली अठरा वर्षं टेक्ससमध्ये. इथे एक एकराच्या लॉनवर आधी ट्रॅक्टर वापरला, नंतर झिरो-टर्न घेतला. झाडं असतील तर दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ट्रॅक्टर वळवला की झाडाभोवती न कापलेलं गवताचं कडं उरतं, ते पुन्हा हाताने मारावं लागतं. झिरो-टर्नमध्ये दोन दांडे असतात, एक मागचं चाक पुढे, दुसरं मागे, आणि मशीन जागच्या जागी फिरतं. माझा निम्मा वेळ वाचला. सव्वीस माड म्हणजे माझं मत झिरो-टर्नला.

केप्याची_माई
२७ मार्च, सकाळी ८:२०

डॅलसवासी दादांचं म्हणणं त्यांच्या जमिनीपुरतं बरोबर असेल. पण या ताईंच्या लॉनला उतार आहे आणि उताराला खाली ओढा आहे. म्हणून आमच्याकडे घडलेलं सांगते.

आमच्या घरामागची जमीन कुळागराकडे, म्हणजे पोफळीच्या बागेकडे उतरते. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आमचे हे झिरो-टर्नवर होते. ऊन पडलं होतं, गवत वरून कोरडं दिसत होतं, मुळाशी चिंब. उतारावर आडवं वळण घेताना खालच्या बाजूचं चाक घसरलं. त्यांनी दांडे मागे ओढले, काही उपयोग नाही. मशीन आडवं होऊन पंधरा-वीस फूट सरकत गेलं आणि कुळागराच्या चिऱ्यांच्या बांधाला टेकून थांबलं. बांध नसता तर खाली पाटात गेलं असतं. यांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण ती दुपार मी विसरू शकत नाही.

नंतर कारण समजून घेतलं. दांड्यांच्या झिरो-टर्नची पुढची चाकं नुसती भिरभिरी असतात, सुपरमार्केटच्या ट्रॉलीसारखी. दिशा देणं आणि थांबवणं, दोन्ही कामं मागच्या चाकांची. ती घसरली की वळणंही गेलं आणि ब्रेकही गेला. ट्रॅक्टरला निदान पुढची चाकं स्टीअरिंगला बांधलेली असतात. तरी ट्रॅक्टरसुद्धा उतारावर आडवा चालवायचा नाही, सरळ वर आणि सरळ खालीच. (ढकलायच्या मशीनचा नियम उलटा, ते आडवं चालवायचं, म्हणजे पाय घसरला तरी पात्याखाली जात नाही.)

बहुतेक राइड-ऑनच्या मॅन्युअलमध्ये १५ अंशांपेक्षा जास्त उतारावर चालवू नका असं लिहिलेलं असतं. काहींची मर्यादा त्याहून कमी. १५ अंश म्हणजे किती ते डोळ्यांनी कळत नाही, म्हणून असं मोजा. बरोबर एक मीटर लांबीची सरळ पट्टी घ्या. एक टोक उताराच्या वरच्या बाजूला जमिनीवर टेकवा, गवंड्याची लेव्हल ठेवून पट्टी आडवी करा आणि दुसऱ्या टोकाखाली जमिनीपर्यंत किती अंतर राहतं ते टेपने मोजा. २७ सेंटीमीटर म्हणजे १५ अंश. साडेसतरा म्हणजे १० अंश. पाचसहा ठिकाणी मोजा. मोजल्याशिवाय पैसे देऊ नका, ताई.

सत्तरीचा_बागायतदार
२७ मार्च, सकाळी ११:०५

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. चार लाख रुपये गवत कापण्यासाठी? त्या पैशांत चांगल्या कंपनीचे दोन ग्रास कटर येतील, रोजावर माणूस ठेवलात तर कितीतरी वर्षं निघतील, आणि अर्ध्या लॉनवर सुपारी, मिरी, जायफळ लावलंत तर जमीन उत्पन्न देईल. भरडावर पाणी कुठून आणता तेही सांगा. मे महिन्यात लॉन जगवायला जे पाणी जातं, त्यात पाचपन्नास झाडं जगतात.

भरडावरचं_घर
२७ मार्च, दुपारी १:३०

काका, राग कसला. पाण्याचं आधी सांगते. आम्ही उन्हाळ्यात लॉनला पाणी घालत नाही. एप्रिल-मेमध्ये ते पिवळं पडतं, पहिल्या पावसाने परत हिरवं होतं. बाबांनी हरळी राखली ती याच कारणासाठी. घरासमोरच्या थोड्या पट्ट्याला तेवढं भांडी-धुण्याचं पाणी जातं.

रोजाच्या माणसाचं वर लिहिलंच आहे, पैसे देऊनही जुलैत कोणी मिळत नाही. आणि ऑपरेशननंतर बाबा सहा आठवडे ओसरीवर बसून होते. ते काही बोलले नाहीत, पण रोज संध्याकाळी खुर्ची लॉनच्या दिशेला वळवून बसायचे. त्यांना त्या गवतावर परत जाता यावं एवढ्यासाठी हा खर्च आहे.

माई, मोजणीची रीत फार उपयोगी आहे. रविवारी मोजते.

सत्तरीचा_बागायतदार
२७ मार्च, दुपारी २:१५

मग माझी काही हरकत नाही. वडिलांना नमस्कार सांगा. फक्त एक करा. माडांखाली चालवताना आधी पाडेलीला (माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला) बोलवून वाळके नारळ आणि सुटलेले पिडे (झावळ्यांचे जाड देठ) उतरवून घ्या. ढकलायच्या मशीनवर माणूस इकडे तिकडे बघत असतो, बसल्यावर लक्ष पुढे असतं आणि इंजिनच्या आवाजात वरून काही सुटल्याचं ऐकू येत नाही.

पट्टा_पुली
२७ मार्च, रात्री ९:३०

म्हापशाला माझं छोट्या इंजिनांच्या दुरुस्तीचं काम आहे. ग्रास कटर, पंप, जनरेटर आणि हल्ली थोडे राइड-ऑनही येतात. जे बिघडून माझ्याकडे येतं त्यावरून लिहितो.

बाबांच्या गुडघ्यापासून सुरुवात करू. गियरचा ट्रॅक्टर स्वस्त पडतो, पण त्याला दर वेळी डाव्या पायाने क्लच दाबावा लागतो. तो तुमच्यासाठी बाद. हायड्रोस्टॅटिक घ्या. त्यात गियर बदलणं नाही, उजव्या पायाखालचं पेडल जितकं दाबाल तितका वेग, मागे जायलाही पायच. मात्र काही मॉडेलमध्ये ब्रेक डाव्या पायाला असतो, आणि इंजिन सुरू करताना तो पूर्ण दाबल्याशिवाय स्टार्टर फिरतच नाही. हे दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. बाबांना घेऊन जा. दहा वेळा चढायला-उतरायला लावा, दहा वेळा ब्रेक पूर्ण दाबायला लावा. गुडघा कुरकुरला तर दुसरं मॉडेल बघा.

डेकबद्दल. पत्रा दाबून केलेलं डेक हलकं असतं, पत्रे जोडून वेल्डिंग केलेलं जाड असतं. आपल्या दमट हवेत दोन्ही गंजतात, पातळ पत्रा आधी. ओलं गवत आतून चिकटून राहिलं की त्याखाली रंग सुटतो. प्रत्येक कापणीनंतर लाकडी पट्टीने खरवडायचं, आठवड्याने नाही, त्याच दिवशी. खाली हात घालण्याआधी चावी काढायची आणि स्पार्क प्लगची वायर ओढून ठेवायची. इंजिन बंद आहे म्हणून पातं हलणार नाही असं धरून चालू नका.

भरडावर दगड वेचले तरी पावसाने माती धुऊन जांभ्याची टोकं वर येतात. पातं त्यावर आपटलं की पातं वाकतं हे दिसतं, पण वरचं स्पिंडल (पातं ज्यावर फिरतं तो दांडा) आणि त्याचं बेअरिंग गेलेलं दिसत नाही. महिन्याभराने घरघर सुरू होते. म्हणून मे महिन्याच्या शेवटी चुन्याची पिशवी घेऊन अख्खं लॉन पायी फिरा, प्रत्येक वर आलेल्या दगडावर चुना टाका, मग एक तर फोडा नाही तर त्यावर माती चढवा.

पेट्रोल. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल. या इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये सहसा १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. विक्रेत्याकडून तुमच्या इंजिनाबद्दल लेखी घ्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पावसाळ्यात आपल्या हवेत पाणी किती असतं ते सांगायला नको. टाकी भरून ठेवू नका. दोन कापण्यांपुरतंच आणा. दोनतीन आठवडे मशीन उभं राहणार असेल तर टाकीचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. माझ्याकडे ऑक्टोबरात येणारी निम्मी मशीनं याच एका कारणाने येतात.

शेवटचं, सुटे भाग. एका गिऱ्हाइकाचा डेकचा पट्टा १० जुलैला तुटला. विक्रेत्याने दुसरा मागवायला चार आठवडे लावले, तोवर तिथे रान झालं. मशीन घेतानाच डेकचा एक पट्टा, पात्यांचा एक जोड, एअर फिल्टर, ऑइल फिल्टर आणि स्पार्क प्लग घेऊन कपाटात ठेवा. जो विक्रेता हे भाग त्याच दिवशी काउंटरवर ठेवू शकतो त्याच्याकडून घ्या. ब्रँडचं नाव त्यानंतर बघा.

हळदोणकर
२७ मार्च, रात्री १०:०५

पट्ट्याबद्दल शंभर टक्के. माझा सप्टेंबरात तुटला, कपाटात होता म्हणून चवथीच्या आधी लॉन झालं.

भरडावरचं_घर
२७ मार्च, रात्री १०:२०

पट्टा_पुली दादा, एवढं सविस्तर लिहिलंत, देव बरें करूं. एक विचारायचं राहिलं. नारळ पाडल्यावर ते घरापर्यंत आणायला मागे लहान ट्रॉली जोडता येईल का? बाबांच्या डोक्यात ते फार आहे.

पट्टा_पुली
२७ मार्च, रात्री १०:४५

सपाटीवर, थोडे थोडे नारळ घालून, हो. उतारावर भरलेली ट्रॉली ओढू नका. घरगुती मशीनमधलं हायड्रोस्टॅटिक गियरबॉक्स हलकं असतं, काहींचं तेल बदलायचीही सोय नसते. चढावर ओझं ओढलं की आतलं तेल तापतं, पातळ होतं आणि ओढ कमी होत जाते. मॅन्युअलमध्ये किती किलो ओढायचं ते दिलेलं असतं, ते पाळा.

मैदानकर
२८ मार्च, सकाळी ७:१५

फोंड्याला एका मैदानाची देखभाल बघतो. किती रुंदीचं मशीन लागेल याचा हिशोब कोणी मांडला नाही, म्हणून लिहितो.

४२ इंच म्हणजे १०७ सेंटीमीटर. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर दहा सेंटीमीटर चढवली तर हातात ९७ उरतात. ताशी ५ किलोमीटरने चाललात तर तासाला ४,८५० चौरस मीटर, हे कागदावर. वळणं, झाडं, थांबणं धरून पाऊण भाग धरा, साधारण ३,६००. ओल्या गवतात वेग आणखी कमी. म्हणजे तुमचं लॉन सव्वा ते दीड तासाचं, जुलैत दोन तासांचं. उघडिपीच्या एका दुपारी होऊन जातं. याहून रुंद डेक घेऊ नका. रुंद डेक खाचखळग्यांवर टेकतं आणि उंचवट्यावर गवत मुळापासून सोलून काढतं.

मशीनचं वजन दोनशे किलोच्या आसपास, वर माणूस. जून-जुलैत पाणी साचलेल्या जागी नेलंत की चाकोऱ्या पडतात आणि दिवाळीपर्यंत बुजत नाहीत. दर वेळी फेऱ्यांची दिशा बदला. टाचेने जमीन दाबून बघा, टाचेभोवती पाणी वर आलं तर त्या दिवशी मशीन बाहेर काढू नका.

कापायची उंची पावसात पाच सेंटीमीटरच्या खाली नको. एका वेळी गवताच्या उंचीचा तिसरा हिस्साच छाटायचा. गवत फार वाढलं असेल तर आधी डेक सगळ्यात वर ठेवून एकदा कापा आणि दोनतीन दिवसांनी खाली आणून पुन्हा.

केप्याची_माई
२८ मार्च, सकाळी ९:००

मैदानकरांच्या लिहिण्यात एक भर. बाबांच्या मांडीवर नातवंडांना बसवून फेरी मारू देऊ नका, कितीही हट्ट केला तरी. आणि मशीन चालू असताना पोरं घरात. पात्याच्या टोकाचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जाऊ शकतो. जांभ्याचा सुपारीएवढा खडा त्यातून सुटला की काय होईल? गवत ज्या बाजूने बाहेर पडतं ती बाजू ओसरीकडे किंवा रस्त्याकडे येणार नाही अशा फेऱ्या आखा.

भरडावरचं_घर
३० मार्च, संध्याकाळी ७:५०

आज मोजलं. माई, तुमच्या रीतीने. बाबा खुर्चीत बसून आकडे लिहीत होते.

घरासमोर आणि माडांखाली ४ ते ९ सेंटीमीटर, म्हणजे सपाटच. पूर्वेला एका ठिकाणी १५. उत्तरेच्या उतारावर पाच जागी मोजलं: २४, २८, ३१, ३१, २९. म्हणजे ओढ्याकडचा जवळजवळ सगळा पट्टा १५ अंशांच्या वर. हा पट्टा सहाशे चौरस मीटर भरतो. दहा वर्षं बाबा तिथे मशीन ढकलत होते आणि आम्हाला तो थोडासा उतार वाटत होता.

बाबांनी वहीत त्या पट्ट्यावर काट मारली आणि म्हणाले, इथे लॉन नको. उरलेले ३,६०० चौरस मीटर त्यांचे. झिरो-टर्नही आम्ही सोडला. पूर्वेच्या त्या पंधराच्या जागीसुद्धा ओल्यात नको वाटतं.

डॅलसवासी
३१ मार्च, पहाटे ५:३०

ताई, योग्य निर्णय. माझं लॉन टेबलासारखं सपाट आहे आणि पाऊस पडला की मी दोन दिवस थांबू शकतो. तुमच्याकडे थांबायला दोन दिवस नसतात हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. माडांभोवतीच्या कड्यासाठी एक उपाय: बुंध्याभोवती मीटरभराचं आळं गवताशिवाय ठेवा. मग ट्रॅक्टरनेही काम भागतं आणि बुंध्याला मशीन घासत नाही.

हळदोणकर
३१ मार्च, सकाळी ८:१०

फाटक मोजलंत का? ४२ इंच ही कापायची रुंदी. बाजूने गवत टाकणारं मॉडेल असेल तर बाहेरच्या झडपेसकट रुंदी बरीच जास्त भरते. माझं मागच्या अंगणातलं फाटक त्यासाठी काढून मोठं करावं लागलं, चिऱ्याचा एक खांब पाडून. ठेवायची जागाही पावसाच्या झडीपासून आत हवी, नुसत्या ताडपत्रीखाली नको. ताडपत्रीखाली घाम धरतो आणि उंदीर वायरी कुरतडतात.

भरडावरचं_घर
१८ मे, रात्री ९:१५

मशीन आलं. ४२ इंची हायड्रोस्टॅटिक लॉन ट्रॅक्टर, बाजूने गवत टाकणारा. डबा आत्ता घेतला नाही. पट्टा, पाती, फिल्टर, प्लग धरून तीन लाख ऐंशी हजारांना पडलं.

तीन दुकानांत गेलो. पहिल्या ठिकाणी ब्रेक डाव्या पायाला आणि चांगलाच घट्ट, बाबांचा चेहरा पाहूनच मी नको म्हटलं. दुसरीकडे मशीन छान होतं, पट्टा विचारला तर मागवून देतो म्हणाले. तिसऱ्याने मी विचारल्यावर आतून पट्टा आणि पाती आणून समोर ठेवली. तिथेच घेतलं. चढायला उंच पडत होतं म्हणून शेडमध्ये सुताराकडून लाकडी पायरी करून घेतली, बाबा त्यावरून सरळ बसतात.

चुन्याची पिशवी घेऊन मी आणि भाऊ फिरलो. सत्तेचाळीस दगड निघाले! दगडच नाहीत असं आम्ही समजत होतो. कळवीन पुढचं.

भरडावरचं_घर
९ जुलै, संध्याकाळी ६:४०

मंडळी, अडचण आहे. सुरुवातीच्या चार कापण्या उत्तम झाल्या. आजच्या कापणीत माडांखालून जाताना इंजिन मध्येच बंद पडत होतं. धक्का बसला की आवाज तुटतो, कधी लगेच सावरतं, कधी बंदच. पेट्रोल ताजं आहे, फिल्टर स्वच्छ. विक्रेता म्हणतो माणूस आठवड्याने येईल. बाबा फार हिरमुसलेत.

पट्टा_पुली
९ जुलै, संध्याकाळी ७:०५

धक्क्यालाच बंद पडतं म्हणजे सीटखालचा स्विच बघायला हवा. चालवणारा सीटवरून उठला की पाती आणि इंजिन बंद व्हावं म्हणून तो असतो. माणूस सीटवरून क्षणभर उचलला गेला तरी त्याला वाटतं माणूस उतरला. बाबांचं वजन किती? आणि मधल्या काळात टायरमध्ये कोणी हवा भरली का?

भरडावरचं_घर
९ जुलै, संध्याकाळी ७:२०

वजन ५२ किलो. हो, परवाच मागचं एक टायर बसलेलं वाटलं म्हणून भावाने पंक्चरवाल्याला बोलावलं होतं. त्याने चारहींत भरली.

पट्टा_पुली
९ जुलै, संध्याकाळी ७:२५

किती भरली ते मोजा आणि मॅन्युअलशी ताडून बघा. स्विचच्या वायरी थेट जोडून तो निकामी करायला कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका.

भरडावरचं_घर
१० जुलै, दुपारी ३:१०

मोजली. चारही टायरमध्ये ३० पीएसआय. मॅन्युअलमध्ये पुढे १४ आणि मागे १० लिहिलंय. त्याने स्कूटरसारखी भरून दिली होती. भावाने कमी केली, सीटखालची स्प्रिंगही एक खाच मऊ केली, मॅन्युअलमध्ये चालकाच्या वजनाप्रमाणे ती बदलायची सोय होती. दुपारी तासभर ऊन होतं, बाबांनी माडांखालचा सगळा भाग कापला. एकदाही बंद पडलं नाही. टायर बसलेलं असताना उजवीकडे गवत खोल कापलं जात होतं तेही सरळ झालं.

मैदानकर
१० जुलै, संध्याकाळी ५:००

टायर सारखे नसले की डेक तिरकं बसतं, म्हणून ते. आता महिन्यातून एकदा सकाळी, मशीन थंड असताना हवा बघत चला.

भरडावरचं_घर
१२ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

पाऊस ओसरला, म्हणून खबर देते. मशीनवरच्या तासांच्या मीटरवर आज २६ तास. पहिलं ऑइल पाच तासांनी बदललं, पुढचं पन्नासला. पाती एकदा भावाने कानस मारून धार लावली, खिळ्यावर मध्यभागी अडकवून दोन्ही बाजू समतोल आहेत का ते बघितलं. एक बाजू जड होती, तीच आणखी घासली. जुलैत दोन आठवडे जमिनीत पाणी होतं, टाच दाबून बघितली आणि मशीन काढलंच नाही. नंतर डेक वर घेऊन दोनदा कापलं. चाकोऱ्या फक्त विहिरीजवळ पडल्यात.

चवथीला सगळे भाऊबंद आले तेव्हा बाबांनी आदल्या दिवशी एकट्याने पूर्ण लॉन कापलं होतं. आई विहिरीवर जाते.

आता उत्तरेचा उतार. पावसात तिथे आम्ही फक्त ग्रास कटर फिरवला, पण मातीच्या दोन घळी पडल्यात. तिथे काय लावावं?

सत्तरीचा_बागायतदार
१२ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

वाळा लावा. उताराला आडव्या ओळी धरून, रोपं वीतभर अंतरावर. मुळं सरळ खाली खोल जातात आणि माती धरून ठेवतात. दोन ओळींच्या मध्ये अननस चालेल, वरच्या अंगाला काजू. लागवड मात्र पुढच्या जूनमध्ये, पहिल्या पावसावर. तोवर घळींत वाळक्या झावळ्या आडव्या टाकून त्यावर दगड ठेवा. ते तुमचे सत्तेचाळीस दगड कामाला येतील. रोपांसाठी जुने गोवेच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा, आणि तिकडे जाताना वडिलांना बरोबर न्या.

भरडावरचं_घर
१२ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

वाचून दाखवलं. सोमवारी जाऊया म्हणाले.